सीझन सुरू व्हायच्या आधी टीमकडून किती आशा ठेवायची?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मागच्या वर्षी आपली टीम भारी खेळली की ऑगस्टमध्येच प्लेऑफची (सीझनच्या शेवटच्या नॉकआउट मॅचेसची) स्वप्नं पडायला लागतात, पण थांबा जरा. आधी मागच्या सीझनचे स्कोअर काढून बसा आणि ८ किंवा कमी पॉइंट्सनी जिंकलेल्या मॅचेस मोजा, म्हणजे एका टचडाऊनचा खेळ (बोनस धरून त्याचे जास्तीत जास्त ८ पॉइंट्स), कारण असे विजय दरवर्षी मिळत नसतात, बॉल कुठेही उडतो. टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) २०२२ मध्ये अशाच कितीतरी मॅचेस काढत थेट फायनलला गेली (तिथे जॉर्जियाने ६५-७ धुतलं ते सोडा), मग क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, हल्ला चालवणारा खेळाडू) मॅक्स डगन एनएफएलला, म्हणजे प्रोफेशनल लीगला गेला आणि २०२३ मध्ये टीम ५-७, म्हणजे ५ विजय आणि ७ पराभव.

मग रोस्टर बघा. क्वार्टरबॅक तोच आहे का, आणि त्याच्यापुढची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे त्याला वाचवणारे पाच जण? लाइनकडे कोणी बघत नाही, पण पाचातले चार जुने असतील तर मला तरी निम्मं टेन्शन कमी वाटतं. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) नावं मोठी येतात, पण त्यांनी आधी स्नॅप्स, म्हणजे मॅचमधले प्रत्यक्ष डाव, किती खेळलेत ते बघा.

शेड्यूलमध्ये अवघड अवे मॅचेस किती, तेवढं बघितलं तरी चालेल.

सीझनआधीचं रँकिंग मात्र फार मनावर घेऊ नका, फ्लोरिडा स्टेट २०२४ ला दहाव्या नंबरवर होती आणि २-१० वर संपली, उलट ॲरिझोना स्टेटला त्याच वर्षी बिग १२ या कॉन्फरन्समध्ये (टीम्सच्या गटात) शेवटचा नंबर दिलेला, कॉन्फरन्स त्यांनीच मारली. सीझनच्या १२ मॅचेसपैकी आपली टीम किती जिंकेल तो आकडा आत्ताच लिहून ठेवा, नंतर पलटी मारता येणार नाही.