सिमेंटची गाडी उतरवण्याआधी गोणीवरचा आठवडा वाचा

बडोद्यात पावसाळ्याआधी बांधकाम काढलं की भाव वाढायच्या धास्तीने लोक सगळं सिमेंट एकदम भरतात आणि ऐन स्लॅबच्या वेळी गोणींत गाठी निघतात. त्यापेक्षा भाव पूर्ण मालाचा ठरवा, गाडी मात्र टप्प्याटप्प्याने मागवा. मोठी ऑर्डर असली की बरेच दुकानदार याला तयार होतात. तारखा बिलावर लिहून घ्या.

१. गोणीवर पॅकिंगचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. १४ वा आठवडा म्हणजे एप्रिलची सुरुवात. जुलैत ती गोणी तीन महिन्यांची होते. तोवर तिची ताकद बरीच उतरते, अशी घेऊच नका.

२. गोणीवरचा भारतीय मानकाचा क्रमांकही बघा: आयएस २६९ म्हणजे ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट), आयएस १४८९ म्हणजे पीपीसी (बहुधा फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट). स्लॅब-कॉलमसाठी इंजिनिअर सांगेल तेच. वीटकाम-प्लास्टरला पीपीसी उत्तम.

३. थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहा गोण्यांपेक्षा उंच नको. आधी आलेली आधी वापरा.

दाबाने गोणी नुसती घट्ट झाली असेल तर ती लोळवली की मोकळी होते. पण बोटांनी न चुरणारी गाठ असेल, तर चाळूनसुद्धा ते सिमेंट स्लॅबला वापरू नका.