पार्त्सिफालची कथा शिकवताना या चुका टाळा

मध्ययुगीन युरोपातल्या ग्रेलच्या कथा वर्गात घेताना पहिली चूक पहिल्याच वाक्यात होते. ‘ग्रेल म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनातला पेला, आणि तो जीवनाच्या अर्थाचं प्रतीक आहे,’ असं शिक्षक सांगून टाकतात. मुलं ते उतरवून घेतात. मग शोधायचं काय उरलं?

शिवाय हे वाक्य सगळ्या कथांना लागूही पडत नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतिएँ द त्रॉयने लिहिलेल्या, अपुऱ्या राहिलेल्या फ्रेंच काव्यात ग्रेल हे पसरट ताट आहे. तो पेला झाला रोबेर द बोरोंच्या काव्यात, १२०० च्या सुमारास. त्यानंतर थोड्याच वर्षांत वोल्फ्राम फॉन एशेनबाखने जर्मन काव्य रचलं, त्यात तर तो दगड आहे. सगळ्यांची सरमिसळ करू नका. एकच कथा घ्या आणि नीट वाचा.

किल्ल्यातल्या प्रसंगाला तर भरपूर वेळ द्या. क्रेतिएँचा तरुण नायक पेर्सव्हाल (वोल्फ्रामकडे हाच पार्त्सिफाल) जखमी राजाशेजारी जेवायला बसलाय. समोरून भाला जातो, त्याच्या टोकावरून रक्ताचा थेंब ओघळतो. मागून एक मुलगी ग्रेल घेऊन जाते. प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर ग्रेल पुन्हा समोरून जातो. विचारावंसं वाटत असूनही पेर्सव्हाल गप्प राहतो. सकाळी किल्ल्यात कोणीही नसतं. वाचन इथेच थांबवा. ‘तुम्ही काय विचारलं असतं?’ असं मुलांना लिहायला सांगा आणि पुढचं त्या दिवशी सांगूच नका.

इथे पेर्सव्हालला मूर्ख ठरवून मोकळं होणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. फार बोलू नये, हे त्याला त्याच्या गुरूनेच शिकवलं होतं. तो आज्ञाधारक होता! ‘मध्ये बोलू नकोस’ ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हे लगेच कळतं. वर्ग गप्प बसला, तर नेमकं याच गप्प बसण्याबद्दल बोला.

वेळ कमी पडला की मधली वर्षं गाळली जातात. ती गाळू नका. पेर्सव्हाल पाच वर्षं देवाला विसरतो, पण त्या काळात साठ सरदारांना हरवून राजा आर्थरच्या दरबारी पाठवतो. बाहेरून पाहिलं तर यशच यश. मग गुड फ्रायडेला त्याला अनवाणी चालणारी माणसं भेटतात आणि तो एका तपस्व्याकडे जातो. तपस्वी सांगतो, की तुझी जीभ बांधली ती आईच्या दुःखाने. घर सोडताना आई कोसळलेली त्याने पाहिली होती, तरी घोडा वळवला नव्हता. गुड फ्रायडे काढून टाकून याला घाईने ‘मोक्षाचा शोध’ म्हणू नका. पाप, पश्चात्ताप आणि क्षमा या ख्रिस्ती चौकटीतच हा प्रसंग उभा आहे.

वीराच्या प्रवासाच्या ठरावीक पायऱ्यांची (घर सोडणं, संकटं, परतणं) आकृतीही बाजूला ठेवा. तिच्यात आईचं कोसळणं बसतं, पण हरवून जातं.

परीक्षेत ‘ग्रेल कशाचं प्रतीक आहे?’ विचारलंत, तर गाइडमधलं उत्तर येणारच. त्याऐवजी दोन कवींचे प्रश्न शेजारी ठेवा. क्रेतिएँकडे न विचारलेले प्रश्न असे : भाल्यातून रक्त का गळतं? ग्रेलमधून कोणाला वाढतात? वोल्फ्रामचा पार्त्सिफाल शेवटी जखमी राजाला, म्हणजे आपल्या मामाला, विचारतो, ‘मामा, काय होतंय तुम्हाला?’ आणि राजा बरा होतो. कोणता प्रश्न विचारणं अवघड, यावर मुलांना लिहू द्या.

वोल्फ्रामच्या शेवटी पार्त्सिफालचा सावत्र भाऊ फाइरेफीत्स येतो आणि त्याचा मुलगा पुढे भारतात ‘प्रेस्टर जॉन’ हा दंतकथेतला ख्रिस्ती राजा होतो. भारताचं नाव येताच वर्ग खूश होतो, पण तो कवीच्या कल्पनेतला दूरदेश आहे, हे सांगा. त्याहून कठीण गोष्ट टाळू नका : फाइरेफीत्सला बाप्तिस्मा घेईपर्यंत ग्रेल दिसतच नाही. यावर मुलं भांडली, तर भांडू द्या.