विभागीय बैठकीत आपला मुद्दा राहून जाऊ नये म्हणून

महिला मंडळांच्या विभागीय बैठकीत खुली चर्चा शेवटी असते, आणि तोवर वाळपई-काणकोणसारख्या गोव्यातल्या लांबच्या भागांतल्या बायकांचा जीव बसमध्ये अडकलेला असतो. आमचा मुद्दा दोनदा असाच राहिला. तिसऱ्यांदा हे केलं:

१. आदल्या दिवशी मंडळात बसून मुद्दे ठरवा. दोनच, फार तर तीन. एका पानावर लिहा; वर मंडळाचं नाव, गाव, तालुका.

२. झेरॉक्स काढा. सकाळी नावनोंदणीच्या टेबलावर एक प्रत द्या, दुसरीवर पोच म्हणून सही-तारीख घ्या. चहाच्या वेळी नको, तेव्हा कागद कपबशांखाली जातो.

३. जेवणापर्यंत विषय निघाला नाही तर पोच दाखवून विचारा. सही केलेली बाई मग टाळत नाही!

बैठक मडगावात आणि परतणं पणजीमार्गे असेल, तर कदंबच्या (गोव्याची सरकारी बससेवा) शटलची, म्हणजे मध्ये न थांबणाऱ्या बसची, संध्याकाळची रांग हिशेबात धरा. तिकीट खिडकीवर, उभ्याने प्रवास नाही. पणजीहून पुढची शेवटची बस सकाळीच कंडक्टरला विचारा.

जमाखर्चाची मूळ वही मात्र कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका. मागितली तर झेरॉक्स द्या.