परदेशातल्या क्लबमधून गावच्या कोर्टवर: कोच होताना या चुका टाळा

परदेशातल्या बास्केटबॉल लीगमध्ये काही सीझन खेळलेला माणूस गावी येऊन मुलांना शिकवू लागला की पहिला आठवडा कोर्टला जत्रेचं रूप येतं. महिन्याभरात निम्मी मुलं गळतात आणि कोच सांगतो, "पोट्टे सिरियसच नाही ना भाऊ." पोट्टे बहुतेक वेळा सिरियस असतात. तिकडे लाकडी फ्लोअर, फिजिओ, व्हिडिओ, वेळेवरचं जेवण हे सगळं क्लब पुरवत होता. ते इथेही आहे असं धरून सराव आखला की गाडी अडते.

करून दाखवलं म्हणजे शिकवलं, हा समज

ही सगळ्यात मोठी चूक, आणि चांगल्या खेळाडूकडूनच जास्त होते. ले-अप घ्या, म्हणजे रिंगजवळ धावत येऊन उडी मारत टाकलेला चेंडू. उजव्या हाताने मारायचा तर उडी डाव्या पायावर. तुमच्या पायांना हे लहानपणीच कळलंय, म्हणून तोंडाने सांगता येत नाही. तुम्ही दहादा मारून दाखवता, मुलगा दहाही वेळा चुकीच्या पायावर उडतो, मग तुम्ही चिडता. त्यापेक्षा रिंगजवळ चुन्याने दोन पावलं आखा, आधी उजवं, मग डावं. पहिले काही दिवस चेंडू न देता मुलांना त्या पावलांवरून नुसतं चालवा. मग चेंडू हातात द्या, पण ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटणं) नको. ते जमलं की एक ड्रिबल. धावत मारणं सगळ्यात शेवटी.

सरावाच्या मॅचमध्ये स्वतः उतरून बास्केटवर बास्केट टाकणारे कोचही असतात. बघ्यांना मजा येते, मुलं मात्र तुम्हाला पास देऊन उभी राहतात. शिट्टी घ्या आणि साइडलाइनवर या.

दहा वर्षांच्या मुलाच्या हातात सात नंबरचा चेंडू

लक्षण ओळखायला सोपं आहे: मूल चेंडू कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावतं. कोच कोपर दुरुस्त करत बसतो, पण दोष कोपराचा नाहीच. सात नंबरचा, म्हणजे पुरुषांचा, चेंडू सुमारे ६०० ग्रॅमचा आणि रिंग ३.०५ मीटरवर, तेवढं बळ त्या खांद्यात नसतं. बारा वर्षांखालच्या मिनी बास्केटबॉलसाठी पाच नंबरचा चेंडू आणि २.६० मीटरवरची रिंग वापरतात. गावातला वेल्डर लोखंडी पाइपचा असा खांब करून देतो. मोठ्या मुलींना सहा नंबर द्या. शाळेत एकच चेंडू आहे म्हणून सगळ्यांना तोच, ही काटकसर पुढे महागात पडते, कारण बिघडलेला शॉट सोळाव्या वर्षी सुधारणं फार कठीण.

तिकडचं वेळापत्रक, इकडचा कोर्ट

युरोपातला सीझन साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतो. आपल्याकडे विदर्भात मे म्हणजे ४५ अंश आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापलेले दिवस. तेव्हा सराव पहाटेच, ऊन तापायच्या आत संपवा. शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात, आणि नेमका तेव्हाच उघडा कोर्ट शेवाळलेला असतो. ब्लीचिंग पावडर टाकून घासल्याशिवाय त्यावर एकालाही पळवू नका. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला आला की उपस्थिती कमी होणारच. त्यावर दंड लावणाऱ्या कोचला गावात कोणी विचारत नाही.

सिमेंटवर रोज उड्यांचे व्यायाम घेतले की नडगी आणि गुडघे दुखू लागतात. मुलं सांगत नाहीत, यायचीच बंद होतात. उड्या कबड्डीच्या मऊ मातीवर घ्या. नवा कोर्ट बांधायचा असेल तर दर्यापूर-अकोटसारख्या भागात काळी माती उकरून, मुरमाची भर दाबून, पाणी जायला उतार ठेवल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा कोर्ट तडकवते.

रिंग एकच असेल तर रडत बसू नका. थ्री बाय थ्री हाफ कोर्टवरच खेळतात, आणि टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. चौदा वर्षांच्या मुलांकडून तिकडचे सेट प्ले (आधी ठरवलेल्या चाली) पाठ करून घेण्यापेक्षा तीन विरुद्ध तीनमध्ये ती पास, कट आणि मदतीचा डिफेन्स लवकर शिकतात.

पीटीच्या सरांना डावलणं

तुमच्या आधी कित्येक वर्षं टीम त्यांनीच नेली आहे, कधी स्वतःच्या खिशातून भाडं भरून. विदर्भातले कितीतरी पीटी शिक्षक अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून शिकून आलेले आहेत. ही संस्था १९१४ पासूनची आहे. "सर, वॉर्मअप तुम्ही घ्या" एवढ्या एका वाक्याने पुष्कळ काम होतं. शालेय स्पर्धेची प्रवेशिका शाळेमार्फतच जाते, जन्मतारखेचे कागद सरांच्याच कपाटात असतात. शेवटची एसटी कुठल्या मुलीची किती वाजता सुटते, हेही त्यांनाच ठाऊक. सराव तिच्या आधी संपला नाही तर दुसऱ्या दिवशी ती मुलगी येत नाही, आणि घरच्यांचं यात काही चुकत नाही.

त्यांच्याकडे शिक्षणाची पदवी आहे, तुमच्याकडे खेळाचा अनुभव. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा किंवा निदान सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून घ्या. सरकारी जागेची जाहिरात निघते तेव्हा परदेशातलं नाव नाही, हा कागद मागतात.

"आमचं पोट्टं अमेरिकेत जाईन का हो सर?"

हा प्रश्न येणारच, आणि हसून "बघू" म्हणणं चूक. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ साली एनबीए या अमेरिकेतल्या लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ५२व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्स संघाने निवडला, पण तिचा एकही नियमित सामना त्याला खेळायला मिळाला नाही. हे आईबापांना सरळ सांगा. त्याबरोबरच हातातलंही सांगा: दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण, आणि ठरलेल्या दर्जाची कामगिरी असेल तर राज्य सरकारच्या नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण. त्यासाठी प्रत्येक मुलाची स्वतंत्र फाइल ठेवा, तीत मूळ प्रमाणपत्र आणि त्या स्पर्धेचा निकाल लावा. नोकरीआधी क्रीडा खातं प्रमाणपत्राची पडताळणी करतं, तेव्हा जुन्या स्पर्धेचा कागद आयोजकांकडे सापडेलच असं नाही.