अमेरिकन कॉलेजचा कॉमन डेटा सेट कसा वाचायचा

ब्रोशरमधले आकडे बघून कॉलेजांची लिस्ट करू नका, प्रत्येक कॉलेज स्वतःला सोयीचा आकडाच पुढे करतं, मग तुलना करणार कशाची? अमेरिकेत यावर कॉमन डेटा सेट नावाचा एकच ठरलेला फॉर्म आहे, एसएटी ही प्रवेशपरीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड, कॉलेजांची गाइड काढणारं पीटरसन्स आणि कॉलेजांचं रँकिंग काढणारं यू.एस. न्यूज यांनी कॉलेजांसोबत मिळून केलेला, ए ते जे असे १० सेक्शन, सगळ्यांना प्रश्न तेच. कॉलेजचं नाव आणि 'Common Data Set' टाकून गुगल करा, पीडीएफ सापडते. दोन कॉलेजं ताडून बघायची तर दोघांचं वर्ष एकच घ्या.

आधी सी ७, म्हणजे सी सेक्शनमधला सातवा प्रश्न, उघडा. ॲडमिशन देताना मार्क, निबंध, शिफारसपत्रं यांना किती वजन देतात ते तिथे टिक केलेलं असतं. समजा 'अर्जदाराने दाखवलेला इंटरेस्ट' याच्यासमोर 'विचारात घेत नाही' असं असेल, तर निव्वळ ॲडमिशनसाठी कॅम्पस बघायला जाण्यात पैसे घालवू नका. सी ९ मध्ये एसएटीचे स्कोअर आहेत, पण मुळात किती टक्के मुलांनी स्कोअर दिले तेही शेजारीच असतं, ते आधी बघा, कारण ज्यांचे चांगले आले त्यांनीच दिले असतील तर तो आकडा फुगलेलाच दिसणार.

भारतातून जाणाऱ्यांनी एच ६ सोडूच नका! किती परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने एड, म्हणजे आर्थिक मदत, दिली आणि सरासरी किती डॉलर, हे तिथे असतं. ही सरासरी फक्त ज्यांना मिळाली त्यांचीच, म्हणून बी २ मधून एकूण परदेशी विद्यार्थी किती ते काढा आणि एड मिळालेल्यांच्या संख्येला त्याने भागा, मग आपल्याला मिळायची शक्यता किती याचा खरा अंदाज येतो.

आय ३ मध्ये वर्गात किती मुलं असतात ते कळतं. कोलंबिया युनिव्हर्सिटीने यू.एस. न्यूजच्या रँकिंगसाठी २० पेक्षा कमी मुलांचे वर्ग ८२.५ टक्के सांगितले होते, तिथल्याच गणिताच्या प्रोफेसरांनी, मायकेल थॅडियस यांनी, २०२२ मध्ये त्यावर बोट ठेवलं, आणि त्याच वर्षी कॉलेजने कॉमन डेटा सेट काढला तेव्हा आकडा ५७ च्या आसपास निघाला.

फॉर्म भरणं ऐच्छिक आहे, त्यामुळे नसेल सापडत तर सरकारी कॉलेज नेव्हिगेटर साइट बघा, फेडरल एड, म्हणजे केंद्र सरकारची विद्यार्थ्यांसाठीची मदत, घेणाऱ्या कॉलेजांना तिथली माहिती द्यावीच लागते. आणि ॲडमिशन ऑफिसला मेल करून एच ६ चा आकडा सरळ मागा.