सेमिस्टर सुरू होण्याआधी एक कागद घेऊन बसा

वेळापत्रक हातात पडलं की लगेच अभ्यासाचे तास आखू नका. आधी कोऱ्या कागदावर सोमवार ते रविवार मांडा आणि जो वेळ आपल्या हातात नाहीच, तो भरून टाका: लेक्चर, प्रॅक्टिकलची बॅच, मेसची वेळ, कपडे धुणं, प्रवास. प्रवास खराखुरा लिहा. पुण्यात कात्रजहून किंवा सिंहगड रोडवरून शिवाजीनगरला यायला सकाळी सातला जेवढा वेळ लागतो, त्यात साडेनऊला भागत नाही, आणि पावसात तर बस कधी येईल इथूनच सुरुवात. वनाज-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट मेट्रो वाटेत येत असेल तर तो टप्पा वाचनाला धरा. पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, गर्दीत उभ्याने फार तर काही ऐकून होतं. आता उरलेल्या जागेत दोन-दोन तासांचे सलग तुकडे शोधा. आठवड्याला चार निघाले तरी पुष्कळ. गणितासारखे विषय तिथेच बसवा आणि त्या वेळेत दुसरं काही शिरू देऊ नका.

अभ्यासक्रमाची प्रत विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि परीक्षेची रचना नीट वाचा. अभियांत्रिकीच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये इन-सेम, म्हणजे सेमिस्टर चालू असतानाची परीक्षा, ३० गुणांची, पहिल्या दोन युनिट्सवर. एंड-सेम, म्हणजे शेवटची, ७० ची, पुढच्या चारांवर. म्हणजे त्या पॅटर्नला पहिली दोन युनिट्स मागे ठेवून चालतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते सबमिशन. इथे एकच नियम पाळा: ज्या दिवशी प्रॅक्टिकल, त्याच रात्री राइट-अप, म्हणजे प्रयोग लिहून काढणं. उद्दिष्ट, थिअरी, आकृती, आउटपुट, आणि अनुक्रमणिकेच्या पानावर तारीख. पुढच्या बॅचला गेल्या गेल्या सही घ्या. त्या रात्री जे पाऊण तासात होतं, तेच नोव्हेंबरात आठवून लिहायला अख्खी दुपार जाते, झेरॉक्सच्या दुकानात रांग असते आणि मॅडम नेमक्या ओरल (तोंडी परीक्षा) घ्यायला बसलेल्या असतात. फाइल, पानं, प्रिंटचे सुटे पैसे आधीच बॅगेत असू द्या.

कॉलेजच्या शैक्षणिक दिनदर्शिकेशेजारी गणपतीच्या तारखाही लिहा. ढोलपथकात नाव द्यायचं असेल तर सरावाच्या संध्याकाळी आत्ताच कागदावर चढवा. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी असतील तर त्याही. यातलं काही सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही. पुण्यात शिकायला येऊन हे अनुभवायचं नाही तर कधी? पण दोन्ही एकाच सेमिस्टरला नकोत. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे तो दिवसही कोराच ठेवा. ७५ टक्के हजेरीतून किती लेक्चर बुडवता येतील याचा हिशोब मात्र आजारपण धरून करा, पथक धरून नाही.

झोपेचे तास कागदावर गडद शाईने लिहा.

रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असतात. बाहेर जेवायला निघण्याआधी पुढच्या आठवड्याचा कागद करा आणि राहिलेली कामं कुठल्या वारी ढकलली ते लिहा. एखादं काम सारखंच पुढे सरकत असेल तर ते बारीक करून लिहा: ‘डीबीएमएस युनिट तीन’ खोडून ‘नॉर्मलायझेशनची पाच उदाहरणं, मंगळवार, लायब्ररी’.