अंगाला खाज, पण पुरळ नाही? या चुका टाळा

अंग खाजतंय म्हटलं की घरातून पहिलं उत्तर येतं: पित्त उठलं असेल, आमसुलाचं पाणी लाव. पण पित्तात गांधी उठतात, आणि एकेक गांधी बहुधा २४ तासांत विरते. कातडीवर काहीच न उठता सहा आठवडे नुसती खाज टिकली, तर ती पित्तावर ढकलू नका. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातलं लोह, क्वचित रक्ताचा आजारही त्यामागे असतो.

दुसरी चूक म्हणजे नखांचे ओरखडे दाखवून ‘पुरळ आलंय’ असं सांगणं. आधी काय आलं, खाज की पुरळ, हे डॉक्टरांना नीट सांगा. पाठीच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही तिथे, कातडी स्वच्छ असेल तर तेही सांगा; म्हणजे बाकीच्या खुणा खाजवून झाल्यात हे कळतं.

मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब तर नकोच. आतल्या आजारावर ती चालत नाही, कातडी मात्र पातळ होते. नायटा असेल तर तो दबून पसरतो.

डायलिसिसवरच्या माणसांचे हाल मला सर्वांत जास्त टोचतात. रात्र रात्र झोप नाही आणि घरचे म्हणतात, कोरडेपणा आहे, तेल लाव. कोरडेपणा असतोच, मलम लावावंच. पण डायलिसिस अर्ध्यावर सोडलं किंवा रक्तातला फॉस्फरस वाढला तरी खाज वाढू शकते. ॲलर्जीच्या गोळीनं इथे बहुधा गुंगीच येते. गॅबापेंटिन हे नसांवरचं औषध उपयोगी पडतं, पण ते मूत्रपिंडातून बाहेर जातं, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका.

तळहात-तळपाय खाजतात, रात्री जास्त, तर यकृताचा विचार करा. डोळे पिवळे व्हायची वाट पाहू नका, खाज त्याआधीही येते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अशी खाज आली तर ‘पोट ताणलं की खाजतंच’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. रक्तात पित्ताम्लं (यकृतात तयार होणारी पित्तरसातली आम्लं) फार वाढली तर बाळाच्या जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा.

आंघोळीनंतर पुरळ न येता अंग चुरचुरत असेल तर रक्तपेशींची तपासणी हवी. एरवी सुरुवातीला सीबीसी (रक्तपेशी), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), लिव्हर फंक्शन (यकृत), टीएसएच (थायरॉइड), साखर आणि फेरिटिन (लोह) या तपासण्या पुरतात. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, काही औषधांनीही खाज सुटते.